कोंड्याची तहान

पुरणपोळीची कणीक एकदा हातात घेऊन नीट बघा. चपातीच्या कणकेसारखी ती मुकाट गोळा होऊन बसत नाही. सैल असते, पाण्याने आणि तेलाने तृप्त झालेली असते. चिमटीत धरून उचलली तर ताणत जाते, पातळ पडदा धरते, पण तुटत नाही. आमच्याकडे ती सकाळीच भिजवून, तिंबून, तेलाखाली झाकून ठेवत आणि पुरण वाटून होईपर्यंत तिला कोणी हात लावत नसे. मी घरी गव्हाचा पाव करायला शिकले तेव्हा दोन वर्षं ज्या चुका केल्या, त्यांचं मूळ एवढंच होतं की मी चपातीची कणीक मळत होते. पाहिजे होती पुरणपोळीची.

मैद्याचे पाव मला पहिल्या प्रयत्नात जमले होते. मग वाटलं, घरात गिरणीचं ताजं पीठ असताना मैदा कशाला? मैद्याच्या जागी तेवढंच पीठ घातलं, बाकी सगळं तेच. भट्टीतून निघाले ते लहान, वरून तडकलेले, आत गच्च. गरम असताना लोण्याबरोबर खाल्ले गेले, पण संध्याकाळपर्यंत त्यांचा चुरा व्हायला लागला. पुढच्या वेळी यीस्ट वाढवलं, तर आंबूस वास आला. साखर वाढवली, तर नुसतेच लाल झाले. पाककृतीत लिहिलेलं असायचं, ‘कणीक मऊ मळून घ्या’. मऊ म्हणजे किती, हे प्रत्येकीच्या हाताला घरात शिकवलेलं असतं आणि माझ्या हाताने मऊपणाचं माप चपातीवरून घेतलेलं होतं.

अडचण समजून घ्यायला गव्हाचा दाणा आतून बघावा लागतो. बाहेरचा कोंडा वजनाने सुमारे १४ ते १५ टक्के, खालच्या टोकाचा अंकुर जेमतेम २ ते ३ टक्के आणि उरलेला ८० टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे पांढरा गाभा. मैदा म्हणजे हा नुसता गाभा. पाव फुगतो तो गाभ्यातल्या दोन प्रथिनांमुळे, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन. पाणी मिळालं की ही दोन्ही एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं लवचिक जाळं विणतात. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो वायू या जाळ्यात अडकतो आणि कणीक वर येते.

कोंडा इथे दोन प्रकारे आड येतो. एक तर तो पाणी खूप पितो, आणि सावकाश पितो. तुम्ही मळता तेव्हा कणीक बरोबर वाटते, अर्ध्या तासाने हात लावला तर घट्ट झालेली असते. मधल्या वेळात कोंड्याने जाळ्याच्या वाटणीचं पाणी ओढून घेतलेलं असतं. दुसरं म्हणजे कोरड्या कोंड्याच्या कडा धारदार असतात आणि मळताना त्या विणल्या जाणाऱ्या धाग्यांना कापत राहतात. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच: मळायच्या आधी कोंड्याला पोटभर पाणी पाजायचं. भिजलेला कोंडा मऊ होतो, धागे कापत नाही आणि पुढे पाण्यासाठी भांडतही नाही.

फ्रान्समधले पावाचे मोठे जाणकार रेमाँ काल्व्हेल यांनी १९७४ साली एक पद्धत मांडली: पीठ आणि पाणी नुसतं कालवायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं आणि मगच पुढचं मळणं सुरू करायचं. जगभरच्या बेकऱ्यांनी ती उचलली. आपल्याकडे याला ‘कणीक मुरू दे’ म्हणतात आणि ते सांगायला कोणी पुस्तक लिहिलं नाही. काल्व्हेल यांचं श्रेय मी कमी करत नाही. त्या अर्ध्या तासात ग्लुटेनचं जाळं आपोआप विणलं जातं आणि मळायचे कष्ट कमी होतात, हे त्यांनी नीट दाखवून दिलं. पण हे शहाणपण आपल्या परातीत आधीपासून होतं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आपल्या पिठाबद्दल आणखी एक गोष्ट परदेशी पाककृतींत सापडत नाही. आपलं पीठ गिरणीच्या दगडांमध्ये रगडून दळलं जातं. त्या रगडण्यात आणि उष्णतेत पिष्टाचे बरेच कण फुटतात, आणि फुटलेला कण साबूत कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतो. चपाती मऊ राहते ती यामुळेच. अमेरिकेत किंवा युरोपात गव्हाचं पीठ बहुतेक पोलादी रुळांवर दळतात, तिथे हे कमी होतं. म्हणून तिकडच्या पुस्तकातलं पाण्याचं माप जसंच्या तसं घेतलं तर आपली कणीक कोरडी पडते. मैद्याला वजनाच्या ६० ते ६५ टक्के पाणी पुरतं. आपल्या चक्कीच्या पिठाला पावासाठी ७५ ते ८० टक्के लागतं, कधी त्याहून जास्त. हे पाणी परातीत बघून भीती वाटते. वाटू द्यावी, पण वरून पीठ भुरभुरवू नये.

गहू कुठला, हेही पुष्कळजणी विचारतात. मी लोकवन वापरते. लोकवन हे नाव ऐकून मला लहानपणी एखादं रान डोळ्यांसमोर यायचं. खरं तर तो ‘लोक-१’ हा वाण आहे, गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यात सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत तयार झालेला. ‘लोक-वन’चं आपण लोकवन केलं. पावाला तो चांगला चालतो. खपली मात्र खिरीला कितीही गुणी असला तरी त्याचं ग्लुटेन दुबळं, एकट्याने पाव उचलून धरत नाही. पीठ ताजं हवं, कारण अंकुरात तेल असतं आणि दळल्यावर ते हळूहळू खवट होतं. पीठ महिनाभर पडलेलं असेल तर पावात कडवटपणा उतरतो.

हे सगळं मला पटलं, पण हाताला कळलं ते गोव्यात.

साष्टी तालुक्यातल्या एका गावात आम्ही चार दिवस उतरलो होतो. मागच्या गल्लीत पोदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची, भट्टी होती. पहाटे चारच्या आधी मी तिथे जाऊन उभी राहिले आणि त्यांनी मला बाजूला एक स्टूल दिलं. जुन्या जांभ्या दगडाची घुमटाकार भट्टी, आत लाकडं जळून निखारे झालेले. एका लांब लाकडी टेबलावर गव्हाच्या कोंड्याचा थर पसरला होता आणि त्यावर पोईची, म्हणजे गोव्यातल्या चपट्या पावाची, कणीक होती. ती कणीक बघून मी चमकले. टेबलावर ठेवली की ती आपोआप थोडी पसरत होती. पोदेराने तिचा गोळा तोडला, कोंड्यात घोळवला आणि बोटांनी हलकेच दाबून चपटा केला. हाताला चिकटू नये म्हणून पीठ नव्हे, कोंडा. मी विचारून बोट लावलं. अगदी आमच्या पुरणपोळीची कणीक. लांब दांड्याच्या फावड्याने पोया आत गेल्या आणि मिनिटभरात टम्म फुगल्या. कणकेतल्या पाण्याची वाफ झाली आणि तिने चपटा गोळा आतून दोन पापुद्र्यांत सोडवला. पाणी कमी असतं तर एवढी वाफ झाली नसती.

त्या पोदेराचं नाव मी लिहीत नाही, पण त्यांचा एक शब्द माझ्याकडे राहिला आहे. गोल, वरून कडक पावाला गोव्यात ‘उंडो’ म्हणतात. आपण भाकरीसाठी पिठाचा जो गोळा घेतो तो ‘उंडा’. गोव्याच्या भट्टीत आणि घाटावरच्या चुलीपुढे तोच शब्द हाताच्या तळव्यात गोल होतो.

पाव हा शब्द मात्र पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत पावाला ‘पाँव’ आणि भाजणाऱ्याला ‘पादेइरु’, त्यावरून पोदेर. १५१० साली त्यांनी गोवा घेतला, मागोमाग पाद्री आले. पाव भाजायची कला साष्टीतल्या माजोर्डे गावाने जेझुइट पाद्र्यांकडून पहिल्यांदा उचलली, असं गोव्यात सांगतात. इथे यीस्ट मिळत नव्हतं. मग माडाची सूर वापरली गेली. रेंदेराने, म्हणजे माडावर चढून सूर काढणाऱ्याने, पहाटे काढलेली सूर काही तासांतच आंबते, कारण तिच्यात रानटी यीस्ट भरपूर असतं. वसईच्या ख्रिस्ती घरांतही सान्नं आणि फुगे सुरेवरच फुगत. आता रेंदेर कमी झाले, बहुतेक भट्ट्यांत पाकिटातलं यीस्ट आलं, आणि पुष्कळ ठिकाणी पोईतही मैद्याचा वाटा मोठा झाला आहे. तरीही गावात पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की माणसं पिशवी घेऊन दाराशी येतात. कात्रो, कांकण, उंडो आणि पोई या पावांतली कोंड्याची पोई मागणारे अजून आहेत.

मराठी घरात पावाने फार उशिरा आणि फार संकोचाने पाऊल टाकलं. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा कोकणापासून वसईपर्यंत ऐकायला मिळतात. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा आणि बिस्किटं घेतली म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षं चालला. भट्टीतल्या पदार्थाला हात लावणं म्हणजे काय होतं, हे यावरून कळावं. माझी आजी या सगळ्याच्या खूप नंतरची, पण पाव पायाने मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, अशी तिची पक्की समजूत होती. पाव घरात आला तरी स्वयंपाकघरात यायचा नाही, पडवीत बसून खायचा.

मी तिच्यासमोर पाव केला तेव्हा ती ओट्याशेजारी खुर्चीवर बसून होती. अंडं नाही ना, एवढंच विचारलं. मी पाण्याऐवजी सगळी कणीक दुधात भिजवली. तिने ते पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. आमच्याकडे दुधात भिजवलेली दशमी प्रवासाला चालायची, सोवळ्याओवळ्याची आडकाठी तिला नसायची. पाव भाजून निघाल्यावर तिने एक फोडला, वास घेतला आणि म्हणाली, “ही तर फुगलेली दशमी.” तूप लावून दोन खाल्ले. त्या दिवसापासून आमच्या घरात या पावांना दशमीचे पाव असंच नाव आहे.

आता कृती. साधारण बारा पावांना ४०० ग्रॅम चक्कीचं पीठ लागतं. वाटीने मोजण्यापेक्षा वजनकाटा वापरा, पावाच्या कामात त्याच्याइतकं उपयोगी साधन दुसरं नाही.

यातलं २५ ग्रॅम पीठ वेगळं काढून १२५ मिली पाण्यात किंवा दुधात गुठळ्या न होता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत ते दाटतं आणि चमच्यामागे भांड्याचा तळ दिसायला लागतो. लगेच उतरवा. पतंग चिकटवायची खळ ज्यांनी केली आहे त्यांना हे सांगायला नको. जपानी आणि चिनी बेकऱ्यांत ही खळ पावात घालतात आणि त्यांचे पाव चार दिवस कापसासारखे राहतात ते तिच्या जोरावर. साधारण ६५ अंशांना पिष्टाचे कण फुगून पाणी आत धरून ठेवतात, आणि ते पाणी भट्टीतही सहजी सुटत नाही. ज्वारीच्या भाकरीला किंवा मोदकाला आपण उकड काढतो ती याच कारणासाठी. म्हणून मी कधी कधी खळ ज्वारीच्या पिठाची करते. ज्वारीत ग्लुटेन नाही, ती कोरडी घातली तर पाव फुटतो. उकडीतून गेली तर बिनतक्रार मिसळते आणि चवीला गोडवा देते.

खळ कोमट झाली की तिच्यात उरलेलं ३७५ ग्रॅम पीठ आणि २२५ मिली कोमट दूध घाला. मळू नका. कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत हाताने कालवा, झाकण ठेवा आणि अर्धा तास दुसरं काम करा. या क्षणी ते ओबडधोबड, चिकट दिसतं. झाकण काढाल तेव्हा त्याच गोळ्याला तकाकी आलेली असेल आणि ओढला तर तो लांबेल.

मग ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट चमचाभर कोमट पाण्यात कालवून घाला. कोमट म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर गरमही लागू नये, गारही लागू नये. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, आणि पुष्कळांचे पाव मळण्याआधीच इथे बिघडलेले असतात. सव्वा चमचा मीठ, दोन मोठे चमचे किसलेला गूळ आणि ३० ग्रॅम मऊ लोणी घाला. आता मळा. तळहाताच्या टाचेने पुढे ढकलायचं, मुडपायचं, फिरवायचं. पहिली तीन मिनिटं लोणी बाहेर पळतं, कणीक हाताला लपेटते आणि पीठ घालावं असं प्रत्येकाला वाटतं. हात थोडे ओले करा आणि मळत राहा. मधून दोनदा उचलून ओट्यावर आपटा. आठ-दहा मिनिटांत कणीक परात सोडते. लिंबाएवढा तुकडा बोटांवर ताणून बघा. कोंड्याचे ठिपके असलेला पातळ पडदा धरला, की झालं. अगदीच घट्ट वाटली तर दुधाचा हात लावा. प्रत्येक पीठ वेगळं पितं, त्यामुळे शेवटचे दोन चमचे नेहमी तुमच्या अंदाजाचे.

चाळीस मिनिटं झाकून ठेवली की ती दुप्पट होते. घड्याळापेक्षा कणकेकडे बघा. मुंबईत ऑक्टोबरच्या उकाड्यात पंचवीस मिनिटांत फुगते, पुण्याच्या डिसेंबरात तासही लागतो. मग हवा दाबून काढा आणि सुमारे ६५ ग्रॅमचे बारा गोळे करा. गोळा करताना कडा खाली खेचत न्यायच्या, वरची कातडी ताणली गेली पाहिजे. ती सैल राहिली तर पाव वर न जाता आडवा पसरतो. लोणी लावलेल्या चौकोनी भांड्यात बोटभर अंतर ठेवून मांडा. फुगताना ते एकमेकांना टेकतात आणि बाजूंनी मऊ राहतात. लादीपावाची लादी अशीच तयार होते. तीस-पस्तीस मिनिटांनी बोटाने हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर भाजायची वेळ झाली. अजिबातच भरला नाही तर उशीर झाला आहे, लगेच आत घाला.

वरून दुधाचा हात द्या. मी यावर पोदेराची आठवण म्हणून चिमूटभर कोंडा भुरभुरते. आधी चाळणीने काढलेला चमचाभर कोंडा यासाठी बाजूला ठेवता येतो. १९० अंशांवर आधीपासून तापवलेल्या भट्टीत २० ते २२ मिनिटं. खालून टिचकी मारली तर पोकळ आवाज आला पाहिजे. बाहेर काढताच लोणी फासा आणि सुती पंच्याने झाका, म्हणजे वाफेने वरची साल मऊ पडते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत तळाशी मीठ पसरून, स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवा आणि मध्यम आचेवर तीसेक मिनिटं भाजा. वरून रंग येत नाही, तर शेवटी तव्यावर मिनिटभर उलटे टेकवा. नानकटाई अशी करणाऱ्यांना हे नवीन नाही.

सगळं मिळून अडीच तास जातात. यात तुमच्या हातांची वेळ पंचवीस मिनिटांच्या वर नाही, बाकीचं काम कोंडा आणि यीस्ट करतात. त्याहून घाई असेल तर पहिलं फुगणं गाळा. मळून थेट गोळे करा आणि पाऊण तास फुगू द्या. पाव दोन तासांत ताटात येतात. जाळी थोडी बारीक येते, चवीची खोली कमी होते, पण पाहुणे दारात असताना मी हेच करते. अर्धा तास मुरवणं मात्र कधीच गाळत नाही.

एवढं का करायचं, असं मला विचारतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात तंतू ११ ग्रॅमच्या वर आहेत, मैद्यात ३ ग्रॅमच्या आत. बाजारातल्या तपकिरी पावाचा रंग नेहमी कोंड्याचा असतोच असं नाही. पाकिटावर १५० या आकड्याने सुरू होणारा रंग दिसला तर तो कॅरॅमल असतो, आणि घटकांच्या यादीत सगळ्यात पहिलं नाव ज्याचं, तेच त्यात सगळ्यात जास्त. २०१६ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने पावांची तपासणी करून पोटॅशियम ब्रोमेटचा प्रश्न पुढे आणला आणि त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते वापरायला बंदी केली. कणकेला बळकटी यावी आणि पाव जास्त फुगावा म्हणून ते घालत. जे काम ब्रोमेट करत होतं, ते घरी अर्ध्या तासाचं थांबणं करतं. माझ्यासाठी कारण म्हणून हे पुरेसं आहे.

राहिली साठवणीची गोष्ट. हे पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत पिष्टाचे कण पुन्हा आवळतात आणि पाव बाहेर ठेवण्यापेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांचे डब्यात कापडात गुंडाळून ठेवा, जास्तीचे थेट फ्रीजरमध्ये. गोठलेला पाव पाण्याचा हात लावून झाकण ठेवलेल्या तव्यावर पाच मिनिटं ठेवला की पुन्हा फुलतो. गरम असतानाच तो मधून फाडायचा, सुरी लावायची नाही. जोडलेली बाजू धाग्याधाग्याने सुटते, त्या धाग्यांत तूप उतरतं, आणि त्यावर ओली लसणाची चटणी.